बत्तीस पेट्या, बत्तीस नळ्या

कागद ठोकला होता तोही नेमका थोरलीवर. बत्तीस पेट्यांतून हीच बरी सापडली त्यांना!

पेटीवाली दोन दिवस बहिणीकडे राहून परत आली होती. पिशवी अजून खांद्यावरच होती. उतारावरच्या पेट्यांच्या रांगेकडे नजर गेली आणि तो पांढरा चौकोन दिसला. पेटीच्या अंगात खिळा आणि आतल्या मधमाश्यांचा सूर चढलेला. नुसत्या सुरावरून तिला कळायचं, आत भूक आहे, राणी मेली आहे, की कुणी धक्का दिला आहे. हा धक्क्याचा सूर होता.

तिनं पिशवी गवतात टाकली, कमरेची पटाशी काढली आणि खिळा उपटला.

"अगं ए, हे कुणी ठोकलं?"

सूनबाई ओले हात पदराला पुसत घरातून आली आणि नेहमीसारखी दहा पावलांवर थांबली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिच्या पापणीला माशी डसली होती. आठवडाभर डोळा उघडला नव्हता. तेव्हापासून दहा पावलं ही तिची हद्द. नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, घरात ह्या दोघी आणि पेटीवालीचे दीर. पण बारा वर्षांत तिनं ती हद्द कधी ओलांडली नव्हती.

"तपासनीस आले होते, आई."

"वाच काय लिहिलंय ते. माझा चष्मा पिशवीत आहे."

कागद घ्यायला सूनबाई पुढे आली नाही. पेटीवालीनंच तो नेऊन दिला.

"नमुन्यात विषाणू आढळल्यामुळे या जागेवरील सर्व बत्तीस पेट्या येत्या सोमवारी सकाळी जाळून नष्ट करण्यात येतील. मालकाने सहकार्य करावे."

"नमुना? कसला नमुना? माझ्या पेटीला मी नसताना हात कुणी लावला?"

मागून दीर येत होते, डोक्यावर गवताचा भारा. ते ऐकून जागीच थांबले. भारा खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.

"वहिनी, रागावू नका. पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही डोळे दाखवायला गेला होतात ना, तेव्हा साहेब आले होते. म्हणाले, बरणीभर माश्या द्या."

"आणि तुम्ही झाकण उघडलंत?"

"झाकण कसं उघडीन? तीस वर्षांचा तुमचा दंडक. तुम्ही नसताना झाकणाला बोट लावायचं नाही."

"मग?"

"मग मी केरसुणी घेतली. पेट्यांपुढं मेलेल्या पडल्या होत्या, त्या झाडून भरल्या."

"कुठल्या पेटीपुढच्या?"

"सगळ्याच."

"एकाच बरणीत?"

"त्यांनी बरणीच एक दिली होती, वहिनी."

पेटीवाली मटकन गवतात बसली. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ओरडणार कुणावर? दंडक तिचाच. सासूनं लग्नात तिला दागिना घातला नव्हता, थोरली दिली होती. म्हणाली होती, "सोनं मोडून खाशील, ही तुला खाऊ घालेल." त्या एका पेटीच्या पुढं बत्तीस झाल्या. प्रत्येकीचं पोळं तिनं स्वतःच्या हातानं वेगळं काढून बसवलं होतं, प्रत्येकीला नाव होतं. रागीट, उधळी, लंगडी, भांडकुदळ, गरीब गाय. दुसऱ्याच्या हातावर तिचा कधी विश्वास बसला नाही. आता त्याच अविश्वासाची केरसुणी झाली होती.

आणि आणखी एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तीन आठवडे थोरलीच्या तोंडाशी काही माश्या थरथरताना तिला दिसत होत्या. अंगावरची लव गेलेली, तेल लावल्यासारख्या काळ्या चकचकीत. उडता येईना म्हणून गवतातून सरपटत जायच्या. ती त्यांना चपलेनं मातीत ढकलायची आणि स्वतःलाच म्हणायची, म्हातारपण आहे, दुसरं काही नाही. पण माश्यांना म्हातारपण असं थरथरत येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी ती तपासनिसाच्या कचेरीत गेली. दाराशी पत्र्याचं उथळ ताट होतं, त्यात पांढरट औषधाचं पाणी.

"चपला काढा. पाय बुडवा," शिपाई म्हणाला. "साहेबांचा हुकूम आहे, आजारी पेट्यांवरून येणाऱ्यांसाठी."

तिनं लुगडं घोट्यापर्यंत उचललं आणि पाय बुडवले. टाचांच्या भेगांत औषध चरचरलं. तेवढ्यात मागून बागवाला आला. चिखलाचे बूट घालून तो ताट ओलांडून सरळ आत गेला. शिपायानं त्याला सलाम केला.

नदीपलीकडची सगळी फळबाग त्याची. दरवर्षी बहराच्या दिवसांत पेटीवालीच्या पेट्या त्याच्या झाडांखाली मांडल्या जायच्या, तेव्हा कुठं फळ धरायचं. गेल्या वर्षी त्यानं बाहेरूनही पेट्या मागवून बागेतच ठेवल्या होत्या, ट्रक भरून.

"बसा," तपासनीस म्हणाला. खोलीत एकच रिकामी खुर्ची होती. तिच्यावर बागवाला बसला.

"साहेब, नमुना चुकीचा आहे. जमिनीवरच्या मेलेल्या माश्या होत्या त्या. बत्तीस घरांच्या मिळून एका बरणीत."

"विषाणू सापडला की नाही?"

"सापडला असेल. पण कुणाच्या घरात? गल्लीत एकाला खोकला झाला तर तुम्ही गल्ली जाळता का?"

बागवाला हसला. "मावशी, इतकं लावून घेऊ नका. पेट्या गेल्या तर आमच्या शेडमध्ये फळं निवडायला बायका लागतातच. सावलीतलं काम आहे."

"तुमच्या झाडांना फळ धरलं, तर निवडाल ना," पेटीवाली म्हणाली. "तुमच्या त्या पाहुण्या पेट्या तपासल्या का हो, साहेब?"

तपासनिसानं फाइल बंद केली. "त्या कागदपत्रांसकट आल्यात. तुमची हरकत असेल तर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत स्वतः तपासून घ्या. सोमवारी सकाळपर्यंत कागद इथं पाहिजे. नाहीतर माझी माणसं डबे घेऊन येतील."

"येऊ देत की," ती म्हणाली. "मी घरीच असते."

प्रयोगशाळेचा नंबर सूनबाईनं शोधला. फोन एका मुलीनं उचलला, आवाज कोवळा पण बोलणं पक्कं.

"आजी, मेलेल्या नकोत. जिवंत घ्या, पेटीच्या आतल्या. राणी येणार नाही एवढं बघा. प्रत्येक पेटीच्या तीस, प्रत्येकीची नळी वेगळी. एका पेटीचा हात दुसरीला लावण्याआधी धुवायचा. आणि लगेच बर्फात. विषाणूचा माग फार नाजूक असतो, उन्हात राहिला की पुसला जातो."

"आणि वाळलेल्या, कित्येक दिवस पडलेल्या माश्यांवरून काय कळतं?"

"काहीतरी होतं, एवढंच. कुणाचं, किती, ते नाही कळत."

बर्फ टिकावा म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईनं लसीचा डबा दिला, निळा, जाड भिंतींचा. "बाळांसाठी आहे हो हा," ती म्हणाली, "शनिवारच्या आत परत पाहिजे."

"माझ्यापण बाळांसाठीच आहे," पेटीवाली म्हणाली.

नळ्या प्रयोगशाळेनंच बसनं पाठवल्या. गुरुवारी दिवस फटफटायच्या आधी तिघं उतारावर उभी राहिली. बस दहाची होती. धुरानं माश्या शांत राहाव्यात म्हणून दीरांनी स्मोकरमध्ये गोवऱ्या पेटवल्या. पेटीवालीनं जाळीची टोपी घातली, पहिल्या पेटीचं झाकण उचललं, पोळ्याची चौकट बाहेर काढली, राणी दुसऱ्या चौकटीवर आहे ना ते पाहिलं. आता चौकट ताटात झटकायची, माश्या मापात घ्यायच्या आणि नळीत ओतायच्या. माप म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं झाकण. काठोकाठ भरलं की तीसेक माश्या बसतात, हे तिनं आदल्या दिवशी मेलेल्या मोजून ठरवलं होतं.

पण हात थरथरत होता. झाकणातल्या माश्या नळीच्या तोंडाशी येऊन बाहेर सांडत होत्या. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा नळीच खाली पडली.

"वहिनी, मी घेऊ का?" दीरांनी विचारलं. पण त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबा कापताना गेली होती. नळी धरणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

सूर्य वर येत होता. एक नळीसुद्धा भरली नव्हती.

सूनबाई दहा पावलांवर वही घेऊन उभी होती, नावं लिहायला. तिनं वही दगडावर ठेवली. बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या.

"टोपी द्या."

"तू?"

"मग कोण? ह्या काय स्वतः नळीत जाऊन बसणार आहेत?"

पेटीवालीनं टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली, जाळी गळ्याशी खोचली. हातात पटाशी देताना मात्र तिची मूठ क्षणभर सुटेना. सूनबाईनं हळूच ओढून घेतली.

"श्वास नाकानं सोड, त्यांच्या अंगावर नको. घाई नको. दचकायचं तर मनात दचक."

पहिली नळी भरली तेव्हा सूनबाईच्या गळ्यातून बारीक किंकाळी निघाली, पण हात हलला नाही. दुसरीला मनगटावर माशी डसली. "आई गं!" म्हणाली आणि नळीचं झाकण लावूनच नांगी खरवडली. दहाव्या पेटीपर्यंत ती बोलायची थांबली. विसाव्या पेटीला तीच सासूला म्हणाली, "सरका जरा, उजेड अडतोय." दोन पेट्यांच्या मध्ये दीर तिच्या हातावर साबणाचं पाणी ओतत होते. पेटीवाली चष्मा लावून नळ्यांवर वाकड्यातिकड्या अक्षरांत नावं लिहीत होती, त्या बर्फात ठेवत होती आणि मोठ्यानं आकडा सांगत होती.

"एकवीस."

"नाव सांगा. आकड्यानं मला काही आठवत नाही."

"भांडकुदळ."

"होय तर! आत्ताच चावली."

बत्तिसावी नळी भरली तेव्हा सूनबाईच्या हातावर नऊ गाठी उठल्या होत्या. ती गवतात बसली, टोपी काढली आणि रडायच्या ऐवजी हसली. "बारा वर्षं भीत होते," ती म्हणाली. "आता मोजायलाही वेळ नाही मिळाला."

बसच्या वाहकानं डबा वर ठेवायला नकार दिला. "माश्या म्हणे! गाडीत सुटल्या तर?"

"बर्फात आहेत, गारठून मेल्यात. डसायचंच असेल तर मी आहे," पेटीवाली म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन पाच तास बसली. मांडी बधिर झाली. अर्ध्या वाटेवर बस थांबली तेव्हा बरोबर आलेल्या दीरांनी थंड सरबताच्या गाडीवरून बर्फाचा तुकडा आणून डब्यात घातला. पुढचे अडीच तास ती झाकणावर तळहात ठेवून होती. गार लागत होतं तोवर जिवाला बरं वाटत होतं.

प्रयोगशाळेतली मुलगी फोनवर वाटली त्याहून लहान होती. तिनं नळ्या मोजल्या, नावं वाचून हसू दाबलं.

"गरीब गाय?"

"डसत नाही ती कुणाला. आता काय करणार तुम्ही ह्यांचं?"

"वाटून त्यांच्यातून विषाणूचा मजकूर वेगळा काढायचा. असला तर यंत्र त्याच्या नकला काढतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. चाळीस फेऱ्या. नकला पुरेशा वाढल्या की दिसतात. अठराव्या फेरीलाच दिसल्या, म्हणजे मुळात खूप होता. पस्तिसाव्या फेरीला दिसल्या, तर नुसता अंश. अंश तर चांगल्या धडधाकट पेट्यांतही असतो."

"म्हणजे नळावरच्या बातमीसारखं," पेटीवाली म्हणाली. "पहिल्याच हंड्याला सगळ्यांना माहीत, तर घरात खरंच काहीतरी घडलंय. सगळ्या बायका पाणी भरून गेल्यावर कळलं, तर नुसती कुजबुज."

मुलगी तिच्याकडे पाहत राहिली. "आजी, हे मी पुढच्या वर्गात सांगणार."

पेटीवाली रिकामा डबा घेऊन त्याच संध्याकाळच्या बसनं परतली. दीर मात्र म्हणाले, "मी थांबतो. कागद हातात घेऊनच येईन." केरसुणीची गोष्ट त्यांनी काढली नाही, तिनंही काढली नाही.

सोमवारी उन्हं वर आली तेव्हा तपासनिसाची जीप उताराखाली थांबली. मागं चार माणसं, हातात तेलाचे डबे आणि टेंभे. बागवालाही आपल्या गाडीतून आला होता, गंमत बघायला की खात्री करायला, कोण जाणे. पहिली बस अजून आली नव्हती.

"कागद?" तपासनीस म्हणाला.

"वाटेवर आहे."

"मग आम्ही सुरुवात करतो."

पेटीवालीनं सूनबाईकडे पाहिलं. "झाकणं काढ गं. सगळ्यांची. धूर नको."

सूनबाई एका टोकापासून निघाली, पेटीवाली दुसऱ्या. एक झाकण, दुसरं, तिसरं. उन्हात बत्तीस पेट्या उघड्या झाल्या आणि उतारावर असा आवाज उठला की जीपच्या काचा थरथरल्यासारख्या वाटल्या. डबेवाल्यांपैकी एकानं डबा खाली ठेवला. दुसऱ्यानं डोक्यावरून उपरणं घेतलं.

"हे सरकारी कामात अडथळा आणणं आहे!"

"मी कुठं अडवलंय? या की वर," पेटीवाली म्हणाली. तिच्या गालावर एक माशी चालत होती, तिनं ती उडवली नाही. "रस्ता मोकळा आहे."

कुणी वर आलं नाही. तासभर तशीच उभी राहिली सगळी. उन्हानं पेटीवालीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण ती बसली नाही. शेवटी वळणावर बसचा भोंगा वाजला. दीर धावत वर आले. चार दिवसांची दाढी, बसस्टँडच्या बाकड्यावर झोपून मळलेले कपडे, आणि सदऱ्याच्या आत पोटाशी धरलेला कागद.

ते थेट वहिनीजवळ आले. आवाज खाली आणला. "वहिनी, एकोणीस साफ. अकरांत नुसता अंश. दोन पेट्या मात्र..." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "भांडकुदळ. आणि थोरली. थोरली सगळ्यात जास्त."

खाली तपासनीस मान उंचावून पाहत होता. त्याला अजून काही ऐकू गेलं नव्हतं. दीरांच्या नजरेत एक प्रश्न होता, तो त्यांनी तोंडानं विचारला नाही. कागद दोन पानी होता. थोरलीचं नाव पहिल्या पानावर होतं, शिक्का दुसऱ्या पानावर. पहिलं पान बाजूला काढता आलं असतं.

पेटीवालीनं थोरलीकडे पाहिलं. तोंडाशी दोन काळ्या माश्या थरथरत होत्या.

"सूनबाई, वाच," ती म्हणाली. "दोन्ही पानं. मोठ्यानं, खाली ऐकू जाईल असं. पहिलं नाव आधी."

सूनबाईनं वाचलं. थोरलीच्या नावाशी तिचा आवाज फुटला, पण तिनं ते पुन्हा वाचलं, नीट.

"तीस पेट्यांना हात लावायचा नाही," पेटीवाली वरून म्हणाली. "दोन जळतील. आज दिवस मावळताना, माश्या घरी परतल्या की. आणि मी जाळीन. तुमच्या माणसांचं तेल नको मला."

तपासनिसानं कागद मागून घेतला, शिक्का पाहिला, पुन्हा पाहिला. "ठीक आहे," तो म्हणाला.

"ठीक कसं? या दोघी गेल्या बहरात बागेत कुठं होत्या माहिताय? पलीकडच्या कुंपणाशी. पाहुण्या पेट्यांना लागून. बाकीच्या तीस अलीकडे होत्या." तिनं बागवाल्याकडे बोट केलं. "आता ह्यांच्या पेट्या तपासा. पेटीगणिक. तोवर माझी एक माशी नदी ओलांडणार नाही."

"मावशी, बहर आठ दिवसांवर आलाय!" बागवाला म्हणाला.

"मला नका सांगू. झाडांना सांगा."

दिवस मावळताना तिनं दोन्ही पेट्यांची तोंडं ओल्या फडक्यानं बंद केली, गंधकाची धुरी दिली. आतला आवाज आधी चढला, मग उतरला, मग पाऊस थांबावा तसा थांबला. खड्ड्यात पेट्या ठेवल्या तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, मी लावू का काडी?"

"नको. सासूबाईंनी माझ्या हातात दिली होती."

मेण आणि जुनं लाकूड भराभर पेटलं. घरभर लहानपणीच्या पहिल्या मधाचा वास सुटावा तसा वास सुटला. मग पेटीवालीनं विस्तवावर माती ओढली आणि पटाशी सूनबाईच्या कमरेला खोचली.

"मी नसताना उघडत जा," ती म्हणाली. "मी असतानाही."

बहराला बागेत झाडं पांढरी झाली. पेटीवालीच्या तीस पेट्या उतारावरच राहिल्या, टेकडीवरच्या रानफुलांवर. त्यांच्या सुरावरून तिला कळत होतं, आत भूक नाही. सहाव्या दिवशी सकाळी फाटकाशी बागवाला आणि तपासनीस दोघंही आले. बागवाल्याच्या हातात पत्र होतं. त्यानं कुणाला न सांगता नमुने पाठवले होते. त्याच्या चाळीस पेट्यांपैकी सव्वीस जाळाव्या लागणार होत्या.

"मावशी, बहराचे पाचच दिवस उरलेत," तो म्हणाला. "पेट्या पाठवा."

पेटीवालीनं पत्र सूनबाईला दिलं. तिनं ते ओळ न ओळ वाचलं. "उरलेल्या चौदा पेट्या बागेबाहेर हलवा," ती म्हणाली. "मग संध्याकाळी आमच्या येतील. जागा मी दाखवीन."

बागवाल्यानं सासूकडे पाहिलं. सासू शेंगा सोलत होती.

"तिला विचारा. झाकणं आता ती उघडते."

बागवाला फाटकातून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "थांबा." फाटकाच्या आत तिनं पत्र्याचं उथळ ताट ठेवलं होतं, औषधाचं पाणी भरलेलं.

"बूट काढा," ती म्हणाली. "साहेब, तुम्हीपण. आजारी पेट्यांवरून आलात ना?"

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. पेटीवालीनं सोललेल्या शेंगांचं सूप बाजूला सारलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नीट बघायला वळून बसली. बागवाला खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला.